मंगळवारी ते हरले, गुरुवारी आपण जिंकलो

शब्बाथशाळेतील मुले कधी कधी असे काही बोलून जातात, की शिकविणाऱ्यालाच पुन्हा पाटी घेऊन बसावे लागते. २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात लोधीखेड्यास आम्हाला असाच एक धडा मिळाला. तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

लोधीखेडा हे सौंसर तालुक्यातील, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचे लहानसे गाव. राज्य मध्य प्रदेश, शाळेची भाषा हिंदी; पण घरची आणि प्रार्थनेची भाषा मराठी. पूर्वी हा सारा भाग छिंदवाडा जिल्ह्यात मोडत असे. २०२३ पासून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला आहे. आपली घरे तेथे मोजकीच. उपासना एका बंधूंच्या ओसरीवर सतरंज्या टाकून होते, आणि उपासनेनंतर त्याच सतरंज्यांवर मुलांची शब्बाथशाळा भरते.

४ ऑगस्टला रविवार होता. पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये भारताचा हॉकीचा उपांत्यपूर्व सामना ग्रेट ब्रिटनशी होता आणि आपल्याकडील वेळेप्रमाणे तो दुपारी दीड वाजता सुरू व्हायचा होता. मुलांचे लक्ष शास्त्रपाठात कसे असणार? शेवटचे गीत झाले न झाले तोच सगळी आतल्या खोलीत दूरदर्शन संचापुढे जाऊन बसली. खरे सांगायचे तर आम्हीही बसलो. ज्यांनी तो सामना पाहिला त्यांना तो आठवत असेल. सतराव्या मिनिटाला आपला बचावपटू अमित रोहिदास याला पंचांनी लाल कार्ड दाखविले. त्याच्या स्टिकचा फटका प्रतिपक्षाच्या खेळाडूच्या तोंडाला लागला होता. साठ मिनिटांच्या सामन्यातील उरलेली त्रेचाळीस मिनिटे आपले दहाच जण खेळले. हरमनप्रीत सिंग याने एक गोल केला, ब्रिटनने बरोबरी केली, आणि मग शूटआउटमध्ये श्रीजेश गोलात उभा राहिला. आपण ४-२ असे जिंकलो. खोलीत एकच गलका झाला. घरच्या बाईंच्या हातातील चहाचे कप थोडक्यात वाचले.

त्या गलक्यात मंडळीतील एक वृद्ध बंधू मात्र ओसरीवर एकटेच बसून राहिले होते. आम्ही बाहेर आलो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “याच पॅरिसात शंभर वर्षांपूर्वी एक विश्वासणारा रविवारी धावला नव्हता. आणि तुम्ही उपासनेचा आमेन ओठांवर आहे तोच आत पळालात.” आम्ही खाली मान घातली. त्यांचे म्हणणे कोणाविषयी होते हे आम्ही जाणत होतो. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

पुढे मंगळवारी रात्री उपांत्य सामन्यात जर्मनीने भारताला ३-२ असे हरविले. गुरुवारी, ८ तारखेस, कांस्यपदकाच्या सामन्यात भारताने स्पेनवर २-१ असा विजय मिळविला. नंतरच्या रविवारी शब्बाथशाळेत आम्ही मुलांना विचारले, “काय रे, कसा झाला हॉकीचा आठवडा?” तेव्हा एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा उभा राहून म्हणाला, “गुरुजी, मंगळवारी ते हारले, पण गुरुवारी आपण जिंकलो!”

सगळी मुले हसली नाहीत. कोणालाही त्यात वावगे वाटले नाही. आम्हालाही क्षणभर वाटले नाही. घरी जाताना मात्र ते वाक्य पाठ सोडीना. संघ तोच, खेळाडू जवळजवळ तेच, मधे फक्त दोन दिवसांचे अंतर. मग मंगळवारी ‘ते’ आणि गुरुवारी ‘आपण’ हे कसे?

*

प्रथम एक शंका दूर करू. खेळाच्या चुरशीत मन रंगणे हेच मुळी पाप आहे काय? आपल्या काही मंडळ्यांत असे शिकविले जाते, आणि त्यामागे जगाच्या मोहाविषयीची खरी काळजी असते. पण पौल प्रेषिताचे पहिले करिंथकरांस पत्र काढून नववा अध्याय वाचा. शर्यतीत सगळे धावतात पण बक्षीस एकालाच मिळते, हा दाखला तो देतो. मुष्टियुद्ध करणाऱ्याचा देतो. कोमेजणाऱ्या मुकुटासाठी खेळाडू किती संयम पाळतात हे सांगतो. करिंथाजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत आणि तेथे विजेत्याला हिरव्या डहाळ्यांचा मुकुट घालीत. त्याच्या वाचकांना हे सर्व परिचयाचे होते. पौलाला जर क्रीडांगणाची किळस असती तर पवित्र आत्म्याच्या गोष्टी सांगताना त्याने तेथील दाखला उचलला नसता. शरीराच्या व्यायामाचा उपयोग थोडका आहे असे त्याने तीमथ्याला लिहिले. पण थोडका म्हणजे मुळीच नाही असे नव्हे.

तेव्हा रंगण्यात दोष नाही. पण रंगात माणूस स्वतःला विसरतो आणि विसरलेला माणूस खरे बोलतो. म्हणूनच खेळाच्या वेळी आपल्या तोंडून काय निघते ते तपासून पाहण्यासारखे असते.

साखळी सामन्यांत इतका जीव टांगणीला लागत नाही. एक हरला तरी पुढचा असतो, गुणांची बेरीज होते. बाद फेरी आली की सारे बदलते. तेथे एक चूक, एक निसटलेला चेंडू, आणि चार वर्षांची मेहनत संपते. २००० साली सिडनीला तर साखळीचा शेवटचा सामनाच बाद फेरीसारखा झाला होता. पुण्याजवळच्या खडकीत वाढलेला धनराज पिल्ले त्या संघात होता. पोलंडविरुद्ध भारत एका गोलने पुढे होता. तो सामना जिंकला असता तर उपांत्य फेरी गाठता आली असती. अगदी शेवटच्या क्षणांत पोलंडने बरोबरी केली आणि सारे हातचे गेले. ज्यांनी ते पाहिले, ऐकले, त्यांच्या मनात ती कळ अजून असेल.

आता वाचकांनी स्वतःला एक प्रश्न विचारावा. आपण देवापुढे कोणत्या फेरीत आहो असे आपल्याला वाटते? आमच्या पाहण्यात असे पुष्कळ विश्वासणारे आहेत, जे तोंडाने कृपा म्हणतात आणि मनाने बाद फेरी खेळतात. एका आठवड्यात प्रार्थना चुकली, एकदा राग आवरला नाही, एकदा खोटे बोलले, की त्यांना वाटते, आता देवाने आपले नाव काढून टाकले. मग ते प्रभुभोजनाला मागे राहतात, मंडळीत शेवटच्या सतरंजीवर बसतात आणि हळूहळू येणेच सोडतात. त्यांना कोणी काढलेले नसते. शिट्टी त्यांनी स्वतःच वाजविलेली असते. पेत्राने तर एका रात्रीत तीनदा प्रभूला नाकारले. खेळाच्या नियमाने तो तेथेच बाद व्हायचा. पण तिबिर्याच्या समुद्रकाठी प्रभूने त्याच्यासाठी निखाऱ्यांवर मासे भाजून ठेवले होते.

*

दुसरी शंका मुलांनीच विचारली होती. सामन्याआधी त्यांनी प्रार्थना केली होती. म्हणून आपण जिंकलो काय? या प्रश्नाला हसून टाळू नये. आम्ही त्यांना विचारले, “ब्रिटनमध्येही मंडळ्या आहेत. तेथील मुलांनीही प्रार्थना केली असेल. मग देवाने त्यांचे ऐकले नाही काय?” मुले गप्प झाली. नागपूर प्रांतात सुवार्ता घेऊन स्टीफन हिस्लॉप हे १८४५ च्या सुमारास आले, ते त्याच ग्रेट ब्रिटनमधल्या स्कॉटलंडातून. ज्यांच्या पूर्वजांच्या प्रार्थनांनी आपल्या भागात शुभवर्तमान आले, त्यांच्या नातवंडांना हरव, असे त्याच देवाला सांगायचे, हे अवघडच आहे. खेळाडूंना इजा होऊ नये, त्यांनी प्रामाणिकपणे खेळावे, हरणाऱ्यांना धीर मिळावा, अशी प्रार्थना जरूर करावी. धावफलक देवाच्या हाती देण्याची गरज नाही. त्याच्यासाठी पंच नेमलेले असतात.

*

आता मूळ वाक्याकडे येऊ. मंगळवारी ते, गुरुवारी आपण.

हा केवळ त्या मुलाचा दोष नाही. १९७६ साली रॉबर्ट सियालडिनी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह याचाच अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना त्यांच्या फुटबॉल संघाच्या सामन्याचे काय झाले असे विचारले, तेव्हा जिंकलेल्या सामन्याविषयी सांगताना ते ‘आम्ही’ हा शब्द अधिक वापरीत आणि हरलेल्या सामन्याविषयी सांगताना पुष्कळदा दूर सरून बोलत. त्यातील आणखी एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. ज्या विद्यार्थ्यांना आधी एका चाचणीत तुम्ही कमी पडलात असे सांगितले होते, त्यांच्यात ही ओढ अधिक दिसली. म्हणजे ज्याची स्वतःची झोळी रिकामी, तो दुसऱ्याच्या विजयाला अधिक घट्ट धरतो. आणि दुसऱ्याच्या पराजयापासून तो तितकाच लांब पळणार, हे सांगायला नको.

नुसते लांब पळण्यावर भागले असते तरी ठीक होते. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांत अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला ७-१ असे हरविले. गोलात मीररंजन नेगी होते. अकरा जण मैदानात होते, पण लोकांनी सात गोलांचे ओझे एकाच माणसाच्या डोक्यावर ठेवले. तो विकला गेला, असे देशभर बोलले गेले. लोकांच्या तोंडी ‘आपण हरलो’ नव्हते, ‘ते हरले’ हेही नव्हते. ‘त्याने हरविले’ असे होते. ती जखम घेऊन हा गृहस्थ वर्षानुवर्षे जगला. पुढे २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल खेळांत भारतीय महिलांनी सुवर्णपदक मिळविले, तेव्हा त्यांच्या गोलरक्षकांना शिकविणारे नेगीच होते.

आणि २०२१ ची गोष्ट तर कालपरवाची. टोकियोला ३१ जुलै रोजी वंदना कटारिया हिने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले. ऑलिंपिकच्या हॉकीत एका सामन्यात तीन गोल करणारी ती पहिली भारतीय महिला. त्या दिवशी ती साऱ्या देशाची लेक होती. ४ ऑगस्टला उपांत्य सामन्यात भारतीय महिला अर्जेंटिनाकडून २-१ अशा हरल्या. त्याच दिवशी हरिद्वारजवळच्या तिच्या गावी काही जणांनी तिच्या घरासमोर फटाके वाजविले आणि तिच्या कुटुंबाला जातीवरून शिव्या दिल्या. पुढे पोलिसांनी अटकही केली. शनिवारी ‘आपली’ असलेली मुलगी बुधवारी ‘त्यांची’ झाली. आपल्या मंडळ्यांतील कित्येक घराण्यांच्या पणजोबांनी ‘ते’ म्हणजे काय हे विहिरीच्या काठावर अनुभवले आहे. ‘ते’ या शब्दाची धार आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

हे लांबचे झाले म्हणावे, तर आपल्या जाम नदीकडे पाहावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार होते. एका काठावर पांढुर्ण्याचे लोक, दुसऱ्या काठावर सावरगावचे, पात्रात पळसाचे झाड आणि त्यावरचा झेंडा, आणि दोन्हीकडून दगड. वर्षभर हेच लोक एका बाजारात भाव करतात, एकमेकांच्या लग्नात जेवतात. दुसऱ्यांच्या चालीरीतींचा न्याय करावा असे आमच्या मनात नाही. आपले हातही निर्मळ नाहीत. इतकेच पाहावे, की नदीच्या एका पात्राने ‘आपण’ आणि ‘ते’ अशी फाळणी केली की ओळखीच्या माणसावरही दगड उचलणे किती सोपे होते.

आणि मंडळीत? नाताळात गायनमंडळ छान गायले की, “आमच्या मंडळीचे गायन ऐकले का?” कोणाचा मुलगा डॉक्टर झाला की, “आपल्या मंडळीतला आहे.” तोच मुलगा दारूला लागला की, “त्यांच्या घरात पहिल्यापासूनच तसे होते.” एखादी मुलगी घर सोडून गेली की, “त्यांनी लक्ष दिले नाही.” पाळकसाहेबांच्या हातून चूक झाली की, “ते मुळातच तसे.” वाचकहो, आम्हीही असे बोललो आहो. मंगळवारी ते, गुरुवारी आपण, हे वाक्य त्या मुलाने आमच्याकडूनच उचलले असले पाहिजे.

*

आता शुभवर्तमान काय सांगते ते पाहू.

शौल राजाच्या सैन्याची गोष्ट शब्बाथशाळेतील प्रत्येक मुलाला पाठ असते. एला खोऱ्यात गल्याथ चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ आव्हान देत होता आणि इस्राएलाची फौज भीतीने मागे सरत होती. मग एक मेंढपाळाचा पोर गोफण घेऊन पुढे गेला. गल्याथ पडला आणि जी फौज थरथरत होती तीच जयघोष करीत पुढे धावली. त्यांच्यातील एकाही शिपायाने एकही गोटा फेकला नव्हता. तरी विजय त्यांचा झाला, कारण त्यांच्या वतीने जो उभा राहिला तो जिंकला होता.

आम्हाला वाटते, तारणाचे मर्म शिकवायला यापेक्षा सोपे चित्र नाही. लोधीखेड्याच्या खोलीत बसून स्टिकला हातही न लावता मुलगा म्हणतो, आपण जिंकलो. हे खोटे आहे काय? एका अर्थी नाही. संघ त्याच्या वतीने खेळला. विश्वासणाराही असेच म्हणतो. मृत्यूवर जय मी मिळविला नाही, ख्रिस्ताने मिळविला. पण त्याने तो माझ्या खाती लिहिला. येथपर्यंत चाहता आणि विश्वासणारा सारखेच दिसतात.

परंतु कृपेची दुसरी बाजू चाहत्याला ठाऊक नसते. आपल्या विजयात दुसऱ्यांना ओढून घेणारे पुष्कळ भेटतील. दुसऱ्यांच्या पराजयात आपण होऊन जाऊन उभा राहणारा कोण? यार्देनेच्या काठी लोक आपापली पापे पदरी घेऊन योहानाकडे बाप्तिस्म्यासाठी येत होते. त्या रांगेत नासरेथचा एक तरुण येऊन उभा राहिला. त्याच्याजवळ कबूल करायला एकही पाप नव्हते. योहान त्याला परत पाठवू लागला, आणि ते साहजिकच होते. जिंकलेला माणूस हरलेल्यांच्या रांगेत कशाला? पण तो तेथून हलला नाही.

येथे आपली मराठी भाषा आपल्याला एक गोष्ट शिकविते. हिंदीत ‘हम’ हा एकच शब्द आहे. मराठीत दोन आहेत, ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो. ‘आपण’ म्हटले की तोही आत येतो. देवापुढे पापे कबूल करताना आपण नेहमी ‘आम्ही’ असे म्हणतो, ‘आपण’ म्हणत नाही. ते योग्यच आहे, कारण ज्याला आपण बोलतो तो पापी नाही. त्याला त्या शब्दात कसे घ्यावे? नहेम्या व दानीएल यांनी आपल्या लोकांची पापे कबूल करताना ‘ते’ न म्हणता ‘आम्ही’ म्हटले, हीच केवढी थोरवी! मोशे तर त्याहून पुढे गेला. लोकांना क्षमा करणार नसशील तर तुझ्या पुस्तकातून माझेही नाव पुसून टाक, असे त्याने देवाला सांगितले. पण यार्देनेत आणि त्यानंतर कालवरीवर जे घडले ते वेगळेच होते. आपण ‘आम्ही’ म्हणून ज्याला बाहेर ठेवले होते, तोच आत आला. आपल्या पराजयाकडे पाहून तो ‘ते’ म्हणाला नाही. इम्मानुएल या नावाचा अर्थ सांगताना आम्ही आता मुलांना असे सांगतो: देव आपल्याविषयी ‘ते’ म्हणू शकत होता; तो ‘आपण’ म्हणाला.

मनुष्याने गोलरक्षकाच्या डोक्यावर सात गोलांचे ओझे जबरदस्तीने ठेवले. ख्रिस्ताने ते ओझे मागून घेतले. कृपा ती हीच.

अमित रोहिदासचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. लाल कार्डानंतर तो त्या सामन्यात परत येऊ शकला नाही. पुढच्या सामन्यातही त्याला बंदी होती. नियम नियमाच्या जागी राहिला. पण उरलेल्या दहा जणांनी त्याची मोकळी जागा आपल्या पायांनी भरून काढली. श्रीजेश, हरमनप्रीत, आपल्या इटारसीचा विवेक सागर प्रसाद आणि बाकी सारे. कांस्यपदकाच्या सामन्यात तो परत आला, आणि पदके वाटली तेव्हा त्याच्याही गळ्यात एक पडले. बाहेर काढलेल्या माणसाला त्याच्या संघाने ‘तो’ म्हटले नाही. मंडळी अशी असावी, असे आम्हाला फार वाटते. पापाला पाप म्हणावे, शिस्तही राखावी. पण ज्याच्या हातून चूक झाली त्याच्या वाटचे आपण धावावे आणि त्याची जागा रिकामी ठेवावी.

कोणी म्हणेल, असे फुकटचे तारण माणसाला आळशी करील. चाहता काय, खुर्चीतच बसलेला असतो. ही शंका रास्त आहे. डीट्रिख बॉनहॉफर या जर्मन पाळकांनी १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात ‘स्वस्त कृपा’ असा शब्द वापरून याच गोष्टीविषयी मंडळीला सावध केले होते. १९४५ च्या एप्रिलमध्ये हिटलरच्या राजवटीने त्यांना फाशी दिले. कृपा आपल्याला फुकट मिळते, पण ती स्वस्त नसते. तिची किंमत कोणी तरी भरलेली असते. सामना संपला की चाहता संच बंद करून झोपतो. ज्याला ख्रिस्ताने ‘आपण’ म्हटले त्याला मात्र दुसऱ्या दिवशी उठून मैदानात उतरावे लागते, कारण आता तो संघात आहे. आणि त्या संघात पहिला सराव एकाच गोष्टीचा असतो. हरलेल्या माणसाविषयी बोलताना ‘ते’ हा शब्द गिळायचा.

*

आता ओसरीवरील वृद्ध बंधूंकडे येऊ. त्यांनी सांगितलेला विश्वासणारा म्हणजे एरिक लिडल. चीनमध्ये मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मलेला हा स्कॉटिश तरुण १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला गेला. शंभर मीटरच्या प्राथमिक शर्यती रविवारी होत्या, म्हणून त्याने ती शर्यत सोडली. पुढे ११ जुलैला चारशे मीटरची शर्यत त्याने ४७.६ सेकंदांत जिंकली. ते मैदान पॅरिसजवळच्या कोलोंब गावचे. आणि २०२४ साली हॉकीचे सामने झाले तेही त्याच मैदानावर. आमची मुले ज्या मैदानाकडे डोळे लावून बसली होती, तेथेच शंभर वर्षांपूर्वी लिडल धावला होता.

पण त्याच्या गोष्टीचा उत्तरार्ध आपल्याकडे क्वचितच सांगितला जातो. १९२५ मध्ये लिडल मिशनरी म्हणून चीनला गेला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी परदेशी लोकांना वेइशिएन येथील छावणीत कोंडले. त्यात १९४३ पासून तोही होता. आईबापांपासून दुरावलेली पुष्कळ मुले तेथे होती. लिडल त्यांना शिकवी, त्यांचे खेळ घेई, त्यांची मोडकी हॉकीची स्टिके पट्ट्या गुंडाळून नीट करून देई. रविवारी मात्र तो खेळ घेत नसे. एका रविवारी मुलांनी आपले आपणच हॉकीचा सामना मांडला. पंच नव्हता. सामना भांडणात आणि मारामारीत संपला. पुढच्या रविवारी मुले पाहतात तो लिडल स्वतः पंच म्हणून मैदानात उभा!

ज्याने रविवारसाठी जगाचा मुकुट सोडला, त्याने मुलांसाठी आपला रविवार सोडला. त्याचे मत बदलले होते असे आम्हाला वाटत नाही. पॅरिसात जे सोडायचे होते ते त्याचे स्वतःचे होते. छावणीत जे सोडायचे होते तेही त्याचे स्वतःचेच होते. ‘ती मुले बिघडली’ असे म्हणून तो आपल्या खोलीत शास्त्र वाचीत बसू शकला असता. तसे न करता तो त्यांच्या भांडणात जाऊन उभा राहिला. २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, सुटकेच्या काही महिने आधी, तो त्याच छावणीत मेंदूच्या गाठीने मरण पावला.

आम्ही ही गोष्ट त्या वृद्ध बंधूंना सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पुढच्या खेपेला उपासना थोडी लवकर सुरू करू. मीही आत बसेन.”

त्या मुलाचे व्याकरण आम्ही सुधारले काय? नाही. आधी स्वतःचे सुधारावे असे ठरविले. पण शब्बाथशाळेच्या शिक्षकांना आमची एक विनंती आहे. ज्या मुलाला वचने पाठ येत नाहीत, ज्याच्या घरी कलह आहे, जो दोन रविवार आला नाही, त्याच्याविषयी बोलताना एकदा थांबून पाहावे, की आपल्या तोंडी कोणता शब्द येतो आहे. मुलांना कृपेचा अर्थ व्याख्येतून कळणार नाही. पण मंगळवारी कोणी तरी आपल्या बाजूला येऊन बसले आणि ‘आपण हरलो रे, चल, घरी जाऊ’ असे म्हणाले, हे ती आयुष्यभर विसरणार नाहीत.